एकाच फोनवर अख्ख्या वर्गाची क्विझ कशी घ्यायची

मुलांकडे टॅब नाहीत म्हणून अडून बसू नका, प्लिकर्स (Plickers) नावाच्या क्विझच्या अ‍ॅपमध्ये फक्त शिक्षकाकडे फोन असला तरी चालतं. त्यांच्या साइटवरून कार्डं प्रिंट करायची, प्रत्येकावर वेगळा काळा कोड असतो आणि चार बाजूंना ए बी सी डी, जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं मुलाने कार्ड धरायचं आणि तुम्ही अ‍ॅपमधून कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर आलं ते लगेच दिसतं. अक्षरं बारीक असतात आणि कोड प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे शेजारच्याचं बघून फारसा उपयोग होत नाही (लाजरी मुलंही यात बिनधास्त उत्तर देतात, मला हेच सगळ्यात आवडतं).

कार्ड चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड परावर्तित होऊन स्कॅन होत नाही. बोटं कोडवर नकोत. पहिलीतल्या मुलांना आधी 'आज वार कोणता' असले सोपे प्रश्न देऊन कार्ड धरायची सवय लावा.

आणि खरं काम स्कॅननंतरचं. अर्ध्या वर्गाचं चुकलं तर उत्तर लगेच सांगायचं नाही, जोडीजोडीने बोलू द्या, मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. निकाल स्क्रीनवर दाखवताना नावं मात्र लपवाच.