पुराणकथेवरचा सिनेमा जोखताना या चुका टाळा

२७ जून २०२४ ला 'कल्की २८९८ एडी' हा सिनेमा लागला आणि त्याच आठवड्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणे, महाभारताची वाट लावली. दुसरा म्हणे, आपल्याकडे असं काही आजवर झालंच नव्हतं. दोन्हीकडची माणसं वाचणारी, सिनेमा मनापासून बघणारी. तरी दोन तास बोलूनही दिग्दर्शक नाग अश्विनने नेमकं काय साधलं आणि कुठे त्याचा पाय घसरला, हे कोणाला सांगता आलं नाही. पुढे मी सिनेमा पुन्हा पाहिला, महाभारतातलं सौप्तिकपर्व काढून वाचलं, तेव्हा आमचं बोलणं कुठे अडत होतं ते कळलं. सिनेमा अजून पाहिला नसेल तर आधी पाहा, कारण इथे शेवटाबद्दलही बोलायचं आहे.

आजीने सांगितली तीच मूळ कथा, असं धरून बसणं

नाशिककराला ही चूक परवडतच नाही. आपल्या गावाच्या नावाच्याच दोन कथा आहेत. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही पंचवटीत पावलोपावली ऐकू येते. नऊ टेकड्यांवर वसलेलं म्हणून नाशिक, ही दुसरी. दोन्ही कथा एकाच घाटावर सुखाने नांदतात.

अश्वत्थाम्याचंही तसंच. जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरणारा अश्वत्थामा आपल्या लोककथेतला. सौप्तिकपर्वात तेलाचा विषय नाही. तिथे त्याला डोक्यावरचा मणी काढून द्यावा लागतो आणि तीन हजार वर्षं रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह एकट्याने रानोमाळ भटकण्याचा शाप कृष्ण त्याला देतो. सिनेमातला शाप आणखी निराळा: कल्कीच्या जन्माची वेळ येईपर्यंत जगायचं, त्याला पोटात वाढवणाऱ्या आईची राखण करायची, मगच सुटका.

'मुळात असं नाहीये' म्हटलं की चर्चा तिथेच मरते. त्यापेक्षा कागदावर तीन रकाने पाडा. ग्रंथात काय आहे, लोकांच्या तोंडी काय आहे आणि सिनेमाने पदरचं काय घातलं आहे. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: मूळ कथेतल्या कुठल्या दुखऱ्या जागेवर हिने बोट ठेवलं?

अश्वत्थाम्याचं मोठं पाप म्हणजे उत्तरेच्या गर्भावर सोडलेलं अस्त्र. न जन्मलेल्या जिवाला त्याने मारलं, कृष्णाने परीक्षिताला पुन्हा जिवंत केलं. त्या शापात शिक्षा आहे, प्रायश्चित्ताला वाट नाही. सिनेमाने ती वाट काढली. ज्याने गर्भावर शस्त्र धरलं, त्यालाच सहा हजार वर्षांनी एका गर्भापुढे ढाल होऊन उभं केलं. कुरुक्षेत्राच्या पहिल्या प्रसंगानंतर चिंध्या गुंडाळलेला, इतरांहून कितीतरी उंच, थकलेला अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा कल्कीच्या होणाऱ्या आईच्या, सुमतीच्या संरक्षणाला उठतो तेव्हा मला भरून आलं. माझ्या मते या सिनेमाचं सगळं सामर्थ्य या एका कल्पनेत आहे, आणि ती ग्रंथाबाहेरची आहे म्हणून तिला हिणवणं मोठा अन्याय होईल.

आता हाच प्रश्न प्रभासच्या भैरवला लावून बघा. आकाशात तरंगणाऱ्या श्रीमंतांच्या वस्तीत, म्हणजे कॉम्प्लेक्समध्ये, प्रवेश मिळावा म्हणून दहा लाख युनिट्स (तिथलं चलन) जमवायला निघालेला हा माणूस. तो कर्ण आहे हे अगदी शेवटी उघड होतं. कुरुक्षेत्रावर कर्ण आणि अश्वत्थामा एकाच बाजूने लढले. तेच दोघे आता एकमेकांवर धावून जातात, याहून दुखरी जागा कुठली? पण ही गोष्ट प्रेक्षकाला माहीतच नसल्यामुळे त्यांच्या लांबच लांब मारामाऱ्या नुसत्या मारामाऱ्या राहतात. सोनं हाती होतं आणि ते शेवटच्या मिनिटांसाठी गाठोड्यात बांधून ठेवलं. सिनेमा सर्वांत जास्त इथे कमी पडला असं मला वाटतं.

डोळे दिपले म्हणजे सिनेमा चांगला, किंवा पैसा दिसला म्हणजे वाईट

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढत, असं सांगितलं जातं. करामत तेव्हाही होती, पण ती कथेवरच्या विश्वासाच्या कामी आली. म्हणून दृश्य किती भव्य हे मोजू नका, ते कथेचं कुठलं काम करतं ते बघा.

या सिनेमातली काशी कोरडी आहे. गंगा आटली आहे आणि वर आकाशात उलट्या पिरॅमिडसारखं कॉम्प्लेक्स सगळं पाणी, सगळी हिरवाई अडवून बसलं आहे. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, घाटावर जायचं तर 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं पडलेलं रामकुंड ज्यांनी पाहिलं, त्यांना ते आटलेलं पात्र बघून वेगळं काही वाटल्याशिवाय राहणार नाही. इतक्या खर्चिक दृश्यांत मला हेच सर्वांत खरं वाटलं. आणि दिग्दर्शक तिथे थांबत नाही, याची हळहळही वाटली. नदीच्या काठी जगणाऱ्या माणसांचं काय झालं हे नीट दिसायच्या आत भैरव आणि त्याची बोलणारी गाडी यांचे विनोद सुरू होतात. पूर्वार्ध रेंगाळतो ही तक्रार सगळेच करतात. माझ्या मते तो लांब आहे म्हणून रेंगाळत नाही, या काशीत न थांबल्यामुळे रेंगाळतो.

'पुढच्या भागात कळेल' म्हणून सगळं माफ करणं

तिकीट आपण या भागाचं काढलं. सुमतीचंच बघा. कल्कीच्या आईचं नाव सुमती आणि गाव शंभल, हे दोन्ही पुराणातून आलेलं आहे आणि सिनेमाने ते छान गुंफलं आहे. पण सुमती स्वतः काय ठरवते? पळते, लपते, तिच्यासाठी इतर लढतात. जिच्याभोवती सारी कथा फिरते तिला या भागात एखादा निर्णय तरी द्यायला हवा होता. उलट भैरव कर्ण आहे हे कळल्यावर त्याचं पुढे काय, हे गूढ अर्धवट सोडणं मला खटकत नाही, कारण त्यातून पुढची उत्सुकता उरते. अपुरी गाठ आणि अपुरं पात्र यांत गल्लत करू नका.

बाकी चुका छोट्या आहेत. हॉलीवूडच्या कुठल्या सिनेमासारखी गाडी आहे आणि कुठलं वाळवंट, याची यादी करण्यात संध्याकाळ घालवू नका. साम्य आहेच, ते एका वाक्यात मान्य करून पुढे जा. पाहुणे कलाकार आले की थिएटरात टाळ्या पडतात, त्यांचे गुण सिनेमाला देऊ नका. आणि सिनेमा मूळ तेलुगू आहे. आपण हिंदी डब पाहिला असेल तर संवाद सपाट आहेत म्हणताना तेवढं ध्यानात ठेवा.

मुलांना हा सिनेमा दाखवणार असाल तर त्याच रात्री त्यांना अश्वत्थाम्याची गोष्ट सांगा. मणी काढून देतो तीही आणि तेल मागतो तीही. माझ्या भाचीने दोन्ही ऐकून घेतल्या आणि सिनेमातली तिसरी तिने मलाच पुन्हा पहिल्यापासून सांगितली.