ओपन सोर्सचा प्रचार करा, पण दुसऱ्याला नावं न ठेवता

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला, बदलायला मोकळा असतो असं सॉफ्टवेअर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमधे गेलात आणि मालक ऑटोकॅडवर, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरवर, ड्रॉइंग काढत बसलेत, तर "मालक, हे कसलं वापरताय" असं सुरू करू नका, कारण त्यावर त्यांचा हात बसलाय, पोटपाणी त्यावर चाललंय, आणि तुम्ही सॉफ्टवेअरला नावं ठेवली तरी ती त्यांना स्वतःलाच लागतात.

आधी काम काय चालतं ते विचारा. नुसतं टूडी असेल तर लिब्रेकॅड दाखवा, फौंड्रीच्या पॅटर्नचं थ्रीडी मॉडेल करायचं असेल तर फ्रीकॅड, आणि अडचण पण तुम्हीच आधी सांगून टाका, की फ्रीकॅडमधे ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडायला वेगळा कन्व्हर्टर लागतो. हे त्यांना चार दिवसांनी आपलं आपण कळलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीपण थापाच वाटतील. आणि कुणाकडं क्रॅक कॉपी (पैसे न भरता, लायसनचं कुलूप तोडून चालवलेली) दिसली तर चोर ठरवत बसू नका, माणूस तिथंच मिटतो.

खरी हाणामारी मात्र आपल्या ओपन सोर्सवाल्यांतच असते, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला तालमीचे समर्थक भिडावेत तशी! लिब्रेऑफिस आणि ओपनऑफिस दोन्ही वर्ड-एक्सेलची कामं करणारी ओपन सोर्स सॉफ्टवेअर, पण लिब्रेऑफिस सांगायचं म्हणून ओपनऑफिसला "मेलेलं" म्हणायचं, अरे पण लिब्रेऑफिस 2010 साली त्याच कोडमधून फुटून निघालंय की. ओपनऑफिस सन कंपनीकडं होतं, ती ऑरॅकलनं घेतली, पुढं काय होणार याचा भरोसा वाटेना, म्हणून लोक वेगळे झाले आणि डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली. त्याऐवजी असं सांगा, की लिब्रेऑफिसची नवी मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, ओपनऑफिसमधे बदल फार कमी येतात, तारखा दोघांच्या साइटवर आहेत, बघून घ्या. समोरच्याला स्वतः तपासता येतं ते बोला, "मेलेलं" कसं तपासणार?

केडीई आणि ग्नोम या लिनक्सच्या दोन डेस्कटॉपचं तर विचारूच नका. केडीई 1996 चं, ते ज्या क्यूटीवर (खिडक्या, बटणं बनवायच्या तयार कोडवर) उभं होतं तिचं लायसन तेव्हा पुरतं मोकळं नव्हतं म्हणून 1997 ला ग्नोम सुरू झालं, आणि 2000 मधे क्यूटी जीपीएल या मोकळ्या लायसनखाली आली, म्हणजे मूळ कारणच मिटलं, तरी पोरं अजून भांडतायत. नवख्या माणसाला हे ऐकवू नका, दोन्ही दाखवा, आवडेल ते घेऊ दे. (मला स्वतःला केडीई आवडतं, पण विचारल्याशिवाय सांगत नाही.)

बसवून देताना जुनं सॉफ्टवेअर काढू नका, शेजारी नवं ठेवा. त्यांचंच एक जुनं बिल किंवा कोटेशन घेऊन लिब्रेऑफिसमधे उघडून दाखवा, प्रिंट काढा, कॉलम हलले तर हलले म्हणा. एक्सेलमधे मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) असतील तर त्या सगळ्या चालतीलच असं नाही, तेवढ्या फायली एक्सेलमधेच राहू द्यात. श्रीलिपीच्या जुन्या फॉंटमधला मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमधे बदलून घ्यावा लागेल, हे पण आधीच बोलून ठेवा, नायतर डीटीपीवाला तुम्हालाच धरणार.