चित्रपटात हरवलेला बाहुला मांजरपाटावर कसा आणायचा

आर. एल. स्टाइन यांच्या ‘गूजबम्प्स’ या मुलांसाठीच्या भयकथांच्या मालिकेची मूळ ६२ पुस्तकं १९९२ ते १९९७ या काळात आली. २०१५च्या चित्रपटानं त्यांतली कितीतरी भुतं एकाच रात्री गावात सोडली आणि तिथंच घात झाला. पुस्तकातला बोलका बाहुला भिववतो, कारण तो स्वतः हलला की बहिणीनं खोडी काढली, हे बराच वेळ कळत नाही. चित्रपटात तो आल्या आल्या चालू-बोलू लागतो. मुलांचा विरस झाला असेल, तर बाहुल्याचं एकच प्रकरण निवडा आणि सावल्यांचा दहा मिनिटांचा खेळ घरीच करा.

पडद्याला एकेरी मांजरपाट किंवा जुनं पांढरं धोतर घ्या. सोलापुरी चादर इथे चालत नाही, तिच्या जाड विणीतून उजेड पार होत नाही. पण खिडक्या झाकायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद ठेवणं अशक्य, आणि कापड हललं की सावली थरथरते. म्हणून खालच्या काठात काठी ओवून तिच्या दोन्ही टोकांना विटा बांधा.

मोबाइलचा टॉर्च पडद्यामागे सहा फुटांवर ठेवा. ट्यूबलाइट नको, उजेड पसरट असला की कडा पुसट होतात. टॉर्च प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेत आला तर कापडातून पांढरा ठिपका डोळ्यांवर येतो, तो जमिनीलगत ठेवून किंचित वर कलता करा.

बाहुला खोक्याच्या पुठ्ठ्याचा, नऊ-दहा इंच उंच, एका बाजूनं दिसणारा. जबडा वेगळा कापा, दोन्ही पुठ्ठ्यांना भोक पाडून दोरा ओवा आणि दोन्हीकडे गाठ मारा. गाठ घट्ट बसली तर जबडा अडकतो, सैल राहिली तर तो आपोआप लोंबतो आणि सगळं गुपित आधीच फुटतं. जबड्याला खराट्याची काडी चिकटवा. बाहुला पडद्याला टेकवला की सावली त्याच्याएवढी आणि रेखीव पडते. तो टॉर्चपासून तीन फुटांवर आणला की दुप्पट होते, दीड फुटावर चौपट, पण कडाही तितक्याच विरतात. ही वाढ एकदाच वापरा, तीही अगदी सावकाश.

आवाजासाठी सुपात मूठभर शाळूचे दाणे घ्या आणि सूप हळूहळू कलतं करा. पत्र्यावर पाऊस लागल्यासारखं वाटतं. प्रकरण वाचणारा एक, बाहुला हलवणारा दुसरा. दोन्ही एकानं केलं की वाचन घाईचं होतं.

बाहुला पहिली सात मिनिटं हलवू नका. मग वाक्याच्या मध्येच जबडा बोटभर उघडा, लगेच मिटा आणि वाचत राहा. मुलं एकमेकांना विचारू लागतील, ‘हलला का रे?’ उत्तर देऊ नका.

शेवटी टॉर्च बटणानं बंद करू नका, स्क्रीन उजळते आणि हलवणाऱ्याचा चेहरा दिसतो. त्यावर पुठ्ठा सरकवा. सहा वर्षांखालची मुलं असतील तर बाहुला खेळाआधीच त्यांच्या हातात द्या.