घरच्या हवामान केंद्राच्या नोंदी नेटवर टाकताना

घरचं हवामान केंद्र नेटला जोडायला अर्धा तास पुरतो. पण एकदा आकडा वेदर अंडरग्राउंडसारख्या, घरगुती केंद्रांच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर दिसू लागला, की पलीकडच्या गावातला माणूस तो खरा धरून चालतो. म्हणून जोडणीच्या आधीची कामं उरकून घ्या.

इथे इकोविटसारखा संच गृहीत धरला आहे: बाहेर बिनतारी सेन्सर आणि घरात वाय-फायवर चालणारा गेटवे, म्हणजे सेन्सरच्या नोंदी घेऊन नेटवर पाठवणारी डबी. परदेशातून मागवत असाल तर ज्याचे सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर बोलतात तो घ्या. 915 चा पट्टा भारतात परवानामुक्त नाही.

तापमानाचा सेन्सर पांढऱ्या झडपांच्या आवरणात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, खेळत्या हवेत हवा. गच्चीचा कोबा दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता सोडत राहतो, त्यामुळे तिथलं किमान तापमान चढं येतं. गच्चीशिवाय जागाच नसेल तर कोब्यापासून दोन मीटर उंच खांब लावा आणि केंद्राच्या माहितीत तसं लिहा.

पर्जन्यमापकाला मात्र जास्त वेळ द्या, आपल्याकडे सगळं लक्ष पावसाकडेच असतं. टाकी, झाड किंवा कठडा त्याच्यापेक्षा जितका उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. पाणसळ लावून तो समतल बसवा. आत दोन खणांची डुलती वाटी असते. एक खण भरला की ती कलंडते आणि एक नोंद होते. हलणाऱ्या खांबावर ती वाऱ्यानेही कलंडते आणि कोरड्या दिवशी पाऊस दिसतो. खांबाला तीन बाजूंनी ताण द्या, नाहीतर पर्जन्यमापक वेगळा बसवा.

मग तो तपासा. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करून 0.785 ने गुणा. व्यास 11 असेल तर क्षेत्रफळ 95 चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे 95 मिलिलिटर पाणी बरोबर 10 मिलिमीटर पाऊस. सलाइनच्या नळीतून हे पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा. घाईने ओतलं तर वाटी कलंडता कलंडता पाणी वाया जातं आणि आकडा कमी येतो. मुसळधार पावसात नेमकं हेच होतं. 9.2 दिसले, तर संचाच्या अ‍ॅपमधल्या पावसाच्या गुणकात 1.09 भरा. तपासणी चालू असताना अपलोड बंद ठेवा, नाहीतर तो खोटा पाऊस कायमचा नोंदीत बसतो.

हवेच्या दाबात सर्रास चूक होते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. तिथे सेन्सरला प्रत्यक्षात 950 हेक्टोपास्कलच्या आसपास दाब मिळतो. नकाशावर समुद्रसपाटीला आणलेला दाब जायला हवा. जवळच्या विमानतळाच्या हवामान अहवालातला दाब पाहून अ‍ॅपमधला सापेक्ष (समुद्रसपाटीला आणलेला) दाब त्याच्याशी जुळवा. निरपेक्ष, म्हणजे सेन्सरने प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाला हात लावू नका.

आता जोडणी. वेदर अंडरग्राउंडवर खातं उघडून केंद्र नोंदवा. केंद्राचा आयडी आणि ‘की’ (नोंदी पाठवताना लागणारा संकेत) मिळते. ही की म्हणजे खात्याचा पासवर्ड नव्हे. नकाशावरची खूण अगदी घराच्या दारात ठेवायची गरज नाही, शेजारच्या चौकात सरकवा, पण उंची खरी द्या. गेटवे फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतो. फोन त्याच्या हॉटस्पॉटला जोडताना मोबाइल डेटा बंद करा. त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसल्याने फोन गुपचूप डेटावर परततो आणि गेटवे सापडत नाही. शेवटी अ‍ॅपच्या अपलोड पानावर आयडी आणि की भरा.

गेटवेऐवजी स्वतःच्या ईएसपी 32 वरून (वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक चिपवरून) वेदर अंडरग्राउंडला नोंदी पाठवणार असाल तर एककं सांभाळा: तापमान फॅरनहाइटमध्ये, पाऊस इंचांत, दाब पाऱ्याच्या इंचांत, वारा ताशी मैलांत. 1006 हेक्टोपास्कल म्हणजे 29.71. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

नोंदींची स्वतःची प्रत हवीच. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीवीएक्स हा हवामान नोंदींचा मोफत प्रोग्राम आणि इकोविट गेटवेचा वेगळा ड्रायव्हर बसवा, राउटरमध्ये गेटवेचा आयपी पक्का करा. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली तर वर्षाला 1,05,120 ओळी होतात; साध्या एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये त्या आरामात मावतात. राउटर, गेटवे आणि पाय हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. वीज अचानक गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, आणि वीज जाते ती बहुधा वादळी पावसातच.

आपला पाऊस हवामान खात्याशी ताडताना वेळ पाहा. खात्याचा दिवस सकाळी 8.30 ते 8.30, वेदर अंडरग्राउंडचा मध्यरात्री बदलतो. मुंबईत सांताक्रूझला 26 जुलै 2005 चा म्हणून सांगितला जाणारा 944 मिलिमीटर पाऊस 27 तारखेच्या सकाळी 8.30 पर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. वीवीएक्समधल्या नोंदींची बेरीज 8.30 पासून केलीत, तरच तुलना बरोबर होईल.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नरसाळ्यातली पानं आणि पक्ष्यांची घाण काढा. बाहेर पाऊस पडतोय आणि आलेख सपाट आहे, असं दिसलं तर आधी नरसाळ्याचं भोकच पाहा.