आधी तुम्ही 'रद्द' दाबू नका

रोगाच्या साथीची बातमी आली की हात आधी मोबाइलवरच्या 'रद्द करा'कडे जातो. तो आवरा. पैसे किती परत मिळणार, हे प्रवास कोणी रद्द केला यावर ठरतं.

एप्रिल 2020 मध्ये आमच्या साताऱ्याच्या भिशीतल्या आठजणी अंदमानला निघणार होतो. पुण्याहून आझाद हिंदने हावडा, पुढे विमान. मार्चमध्ये दोघींनी धास्तावून विमानाची तिकिटं स्वतःच रद्द केली. निम्म्याहून जास्त पैसे कापले गेले. आम्ही सहाजणी थांबलो. 25 मार्चपासून देशातली विमानं बंद झाली, कंपनीनेच उड्डाण रद्द केलं आणि आमचा पूर्ण पैशांचा हक्क शाबूत राहिला.

रेल्वेचं सोपं आहे. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र मूळ कागदानिशी खिडकीवरच द्यावं लागतं. आमचं तिकीट मी भिशीच्या वहीत ठेवलं होतं. काढलं तेव्हा शाई इतकी फिकी, की बॅटरीच्या उजेडात पीएनआरचे दहा आकडे एकेक करून उतरवून घेतले. म्हणून तिकीट हातात पडल्या दिवशीच फोटो काढा. तेव्हा रेल्वेने तिकीट परत देण्याची मुदत टप्प्याटप्प्याने नऊ महिन्यांपर्यंत वाढवली होती. दर वेळी वाढेल असं धरून चालू नका.

विमानाच्या पैशांनी खरा घाम काढला. कंपनी म्हणे 'क्रेडिट शेल' घ्या, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच, पुढच्या तिकिटासाठी. बुकिंगची वेबसाइट म्हणे, कंपनीकडून आलेच नाहीत. फोनवर कितीही गोड बोलले तरी 'हो' म्हणू नका. ईमेल करा: पीएनआर, तारीख, रक्कम, 'उड्डाण तुम्ही रद्द केलंत, मला रोख परतावा हवा'. दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे टोलवाटोलवी थांबते. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लॉकडाऊनपूर्वीच्या अशा तिकिटांचे पैसे कंपनीला लगेच देता येत नसतील तर क्रेडिट शेल 31 मार्च 2021 पर्यंतच. तोवर न वापरलेली रक्कम परत द्यायची. त्या आदेशाची प्रत जोडून मी दर सोमवारी ईमेल केला. मे 2021 मध्ये पैसे आले.

तरी दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जा.

प्रवासविमा साथीची बातमी येण्याआधीच काढा. नुसत्या भीतीपोटी प्रवास टाळला तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलवाल्या दादांशी मात्र मी भांडले नाही. त्यांच्याकडेही एक गिऱ्हाईक नव्हतं. निम्मा ॲडव्हान्स त्यांनी परत केला, निम्मा पुढच्या खेपेला वळता करू असं व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं. 2023 च्या जानेवारीत आम्ही आठहीजणी गेलो, तेव्हा तोच मेसेज काउंटरवर दाखवला.