तंत्रस्नेही ग्रुपवर आहात? मग या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींचा किंवा बाईंचा मोबाइल बघा, ‘तंत्रस्नेही’ नावाचा एखादा तरी ग्रुप सापडतोच. तिथे शिकायलाही भरपूर मिळतं. पण बहुतेक जण ग्रुपचं गोदाम करतात: आलं की सेव्ह, नाहीतर फॉरवर्ड.

सगळ्यात जास्त घोळ गुगल फॉर्मचा. कुणीतरी चौथीच्या परिसर अभ्यासाची छान चाचणी टाकतं आणि आपण ती लिंक जशीच्या तशी पालकांना पाठवतो. मुलं सोडवतात, आपल्याकडे मात्र एकही उत्तर येत नाही. येणार कसं? सगळी उत्तरं, मुलांच्या नावांसकट, फॉर्म बनवणाऱ्याच्या खात्यात गेलेली असतात. म्हणून त्यांच्याकडे कॉपीची लिंक मागा. त्यांनी आधी फॉर्मची वेगळी प्रत काढायची, म्हणजे जुने प्रतिसाद तिच्यात येत नाहीत. त्या प्रतीला लिंक असलेल्या कुणालाही एडिट करता येईल अशी परवानगी द्यायची आणि पत्त्याच्या शेवटी ‘एडिट’पासून पुढचं खोडून तिथे ‘कॉपी’ लिहायचं (अर्थात इंग्रजीत). ती लिंक उघडून होकार दिला की चाचणी तुमच्या खात्यात. उत्तरसूचीही सोबत येते, तरी आधी स्वतः सोडवून बघा. चुकीच्या पर्यायावर ‘बरोबर’ची खूण असली तर वर्गातली हुशार पोरं सोडत नाहीत!

आणि प्रश्न आपल्या मुलांना झेपतील असे बदला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड तर घातलेच, पण ती पुस्तकं मुलांच्या मातृभाषेतही आणली. आपण कोड तेवढे उचलतो.

दुसरी चूक विचारण्यातली. ‘दीक्षा’ म्हणजे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की पाठ दाखवणारं सरकारी अ‍ॅप. ‘दीक्षा चालत नाही, मदत करा’ असं लिहिलं की उत्तरादाखल हात जोडलेला इमोजी येतो. कोड स्कॅनच होत नाही, स्कॅन होऊन पाठ सापडत नाही, की व्हिडिओ मध्येच अडकतो? पहिल्यात पान चुरगळलेलं किंवा उजेड कमी असू शकतो. तिसऱ्यात बहुधा रेंजचा प्रश्न असतो. व्हिडिओ घरूनच अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून न्या. नेमकं काय अडलं ते लिहा, इयत्ता सांगा, स्क्रीनशॉट जोडा.

प्रश्नपत्रिकेची वर्ड फाइल उघडल्यावर मराठीऐवजी चिन्हांचा काला दिसला, तर फाइल खराब नाही. ती श्रीलिपी किंवा किरणसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसतो. नुसती छापायची असेल तर पीडीएफ मागा, बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर दिसेल अशा मराठीत करून घ्या.

ग्रुपवर आलेली एपीके फाइल (थेट मोबाइलवर अ‍ॅप टाकणारी) मात्र कुणीही पाठवलेली असो, टाकू नका. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

शेवटची चूक सर्रास होते आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तीच. ‘यात फॉर्म्युला का चालत नाही?’ म्हणून आख्ख्या वर्गाची एक्सेल टाकायची: नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, सगळं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे, आणि पोस्ट डिलीट केली तरी डाउनलोड झालेली फाइल परत येत नाही. फॉर्म्युल्याला खरी मुलं लागत नाहीत. ‘विद्यार्थी 1, विद्यार्थी 2’ अशा चार ओळी आणि खोटे गुण भरून फाइल टाका, तेवढ्यावर भागतं.