फुटबॉलची कॉन्फरन्स बदलली म्हणून युनिव्हर्सिटी घसरली का? अमेरिकेतली स्टेट युनिव्हर्सिटी कशी तपासायची

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला, सांगलीच्या, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीकडून पीएचडीची ऑफर आली. विषय शेतीचा, फी माफ, वर स्टायपेंड. ताई पेढे आणायला निघालीच होती तेवढ्यात त्याच्या एका मित्राने सांगितलं की अरे ती तर पॅक ट्वेल्व्ह या फुटबॉलच्या गटातली मागे राहिलेली युनिव्हर्सिटी, बाकीच्या सगळ्यांना मोठ्या कॉन्फरन्सने उचललं, हिला कोणी घेतलंच नाही. झालं, घरात सुतक. रात्री ताईचा फोन आला, अगं ही युनिव्हर्सिटी वाळीत टाकलेली आहे का म्हणे. मी इथे मिडवेस्टमध्ये बावीस वर्षं राहते, माझी दोन्ही मुलं स्टेट युनिव्हर्सिटीतच शिकली, म्हणून तिला दीड तास जे समजावलं ते इथे नीट लिहून काढते. इथल्या मराठी आईबापांनाही दरवर्षी ऑगस्ट आला की हेच प्रश्न पडतात.

सगळ्यात आधी नाव नीट वाचा, हसू नका, इथेच निम्मा घोळ होतो. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिएटलला. वॉशिंग्टन स्टेट तिथून साडेचारशे किलोमीटर पूर्वेला, पुलमन नावाच्या छोट्या गावात, आयडाहोच्या सीमेला लागून, चहूकडे गव्हाच्या टेकड्या. आणि वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी ही तिसरीच, प्रायव्हेट, सेंट लुईसला. बऱ्याच राज्यांत अशी जोडी असते, एक 'युनिव्हर्सिटी ऑफ' आणि एक 'स्टेट', आणि या 'स्टेट'वाल्या पुष्कळशा १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर शेती आणि इंजिनिअरिंग शिकवायला सरकारी जमिनीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या. म्हणजे दुय्यम म्हणून नाही, कामच वेगळं म्हणून.

आता कॉन्फरन्स म्हणजे काय. हा फुटबॉल म्हणजे आपला नाही, हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळायचा तो. मॅचेस ठरवायला आणि टीव्हीचे पैसे वाटून घ्यायला युनिव्हर्सिट्यांनी जे गट केलेत त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेन १८९६ ची, नावात टेन आणि आज मेंबर १८. एसईसी दक्षिणेची, तिच्यात १६. पॅक ट्वेल्व्ह पश्चिम किनाऱ्याची होती. पूर्वी हे गट शेजारपाजारचे असायचे, बसने जाऊन मॅच खेळून रात्री परत, त्यामुळे एका कॉन्फरन्समधल्या युनिव्हर्सिट्या साधारण एका तोलामोलाच्या असायच्या आणि लोकांना सवय लागली की गट बघायचा आणि पत ठरवायची. सवय तीच राहिली, गट मात्र आता त्या हिशोबाने होत नाहीत.

कशाच्या हिशोबाने होतात ते समजून घ्या कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. टीव्ही. २०२२ च्या उन्हाळ्यात यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघी बिग टेनकडे निघाल्या आणि त्याच वर्षी बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. पॅक ट्वेल्व्हच्या हातून लॉस एंजेलिसचा प्रेक्षक गेला, मग तिला चांगला करार मिळेना, शेवटी ॲपलची स्ट्रीमिंगची ऑफर आली त्यात पक्के पैसे कमी होते. जुलै २०२३ च्या शेवटी कोलोरॅडो बाहेर पडली आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. स्टॅनफर्ड आणि बर्कली सप्टेंबरमध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीत गेल्या, त्याही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा घेऊन. उरल्या दोघी, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. का उरल्या? कॉर्व्हॅलिस आणि पुलमन ही छोटी गावं, टीव्ही बघणारी घरं कमी, एवढंच कारण. यात कोणी त्यांची लॅब बघितली नाही, लायब्ररी बघितली नाही, प्रोफेसर मोजले नाहीत. ज्या स्टॅनफर्डला जगात कोणीही नाव ठेवणार नाही तिलासुद्धा तेव्हा कमी पैशात जागा घ्यावी लागली, मग कॉन्फरन्सवरून अभ्यासाची पत ठरवणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं झालं की नाही.

आता उलटी बाजू, कारण संबंध अगदीच नाही असंही नाही. बिग टेन मेंबर घेताना अभ्यासाची एक गोष्ट पूर्वीपासून बघत आली ती म्हणजे एएयू, असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज. ही १९०० साली सुरू झालेली रिसर्च युनिव्हर्सिट्यांची संस्था, आज ७१ मेंबर, त्यातल्या दोन कॅनडाच्या. आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही. बिग टेनच्या १८ पैकी १७ तिच्यात आहेत. एसईसीच्या १६ पैकी पाचच, व्हँडरबिल्ट, फ्लोरिडा, मिझुरी, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम. हे वाचून लगेच एसईसी म्हणजे अभ्यासात कच्ची असं म्हणू नका, आधी बिग टेनमधली ती एकटी अठरावी बघा, नेब्रास्का.

नेब्रास्का १९०९ पासून एएयूत होती. जून २०१० मध्ये बिग टेनने तिला घेतलं आणि एप्रिल २०११ मध्ये एएयूने मतदान करून काढलं. शंभर वर्षांची मेंबर! कारण काय तर तिचं मेडिकल सेंटर ओमाहाला वेगळं कॅम्पस म्हणून मोजलं जातं, त्यामुळे तिथला रिसर्चचा पैसा लिंकन गावातल्या मुख्य कॅम्पसच्या खात्यात धरला जात नाही, आणि शेतीच्या रिसर्चला कृषी खात्याकडून जो ठरलेला निधी येतो त्याला एएयूच्या मोजणीत वजन कमी. म्हणजे ज्या कामासाठी ती युनिव्हर्सिटी जन्माला आली तेच काम मोजपट्टीत कमी पडलं. त्या एप्रिलमध्ये लिंकनच्या वर्गात शिकवणारी माणसं तीच होती, लॅब त्याच होत्या. म्हणून एएयूचा शिक्का बघायचा तो रिसर्चचा अंदाज यायला, विशेषतः पीएचडीला, पण बॅचलर्सला मुलगी पाठवत असाल तर तिला वर्गात कोण शिकवणार हे एएयू सांगत नाही. आणि टेम्पीची ॲरिझोना स्टेट, जिथे आपली पुण्यामुंबईची मुलं एमएसला इतकी जातात, ती जून २०२३ मध्ये एएयूत घेतली गेली आणि दोन महिन्यांत तिची कॉन्फरन्स मोडली. एकाच उन्हाळ्यात एक पारडं वर आणि एक खाली, यातलं कुठलं बघाल?

मग बघायचं काय. गूगलवर युनिव्हर्सिटीचं नाव टाका आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' टाका. बहुतेक स्टेट युनिव्हर्सिट्या हा दरवर्षी पीडीएफमध्ये टाकतात, ठराविक नमुन्यात, त्यामुळे दोन युनिव्हर्सिट्या शेजारी ठेवून बघता येतात. सेक्शन बी मध्ये बघा पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी परत आली आणि किती जणांची डिग्री सहा वर्षांत पूर्ण झाली. सेक्शन आय मध्ये वर्ग केवढे ते असतं, वीसच्या आतले किती आणि शंभरच्या वरचे किती. माझ्या मोठ्याच्या वेळी आम्ही हे बघितलंच नव्हतं, कॅम्पस टूरला स्टेडियम दाखवलं, बँड वाजवला, पोराच्या डोक्यात टोपी घातली आणि आम्ही खूश, आणि पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्रीच्या वर्गात साडेतीनशे मुलं, प्रोफेसर लांबून काडीएवढा दिसायचा, शंका विचारायच्या त्या टीएला, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्याला. पोरगा पुढे सावरला पण ते पहिलं वर्ष त्याला फार जड गेलं. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी सेक्शन एच सोडू नका, बाहेरच्या देशातल्या मुलांना बॅचलर्सला काही मदत देतात का ते तिथे लिहिलेलं असतं. एमएस आणि पीएचडीचे पैसे मात्र डिपार्टमेंटला विचारायचे.

पुढचं काम म्हणजे फुटबॉलचे पैसे कोणाच्या खिशातून जातात ते बघणं. हे आपले लोक कधीच बघत नाहीत. मोजक्या युनिव्हर्सिट्यांचं ॲथलेटिक्स स्वतःच्या पायावर उभं असतं, बाकीच्यांना युनिव्हर्सिटीच्या तिजोरीतून किंवा मुलांच्या फीमधून भर घालावी लागते. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर, तेव्हा हा ताण वाढणारच. नाइट-न्यूहाउस नावाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, फुकट, त्यात सरकारी युनिव्हर्सिटीचं नाव टाकलं की ॲथलेटिक्सला मुलांच्या फीमधून किती गेले आणि युनिव्हर्सिटीने किती घातले हे दिसतं. शिवाय फीच्या पानावर ट्यूशनच्या खाली ज्या बारीक ओळी असतात त्यात ॲथलेटिक फी शोधा, चार वर्षांनी गुणा.

बर्कलीचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. तिचं स्टेडियम भूकंपाच्या हेवर्ड फॉल्टवर बसलेलं, ते दुरुस्त करून २०१२ मध्ये उघडलं आणि कर्ज झालं ४० कोटी डॉलरच्या वर. एकाच सरकारी सिस्टिममधली यूसीएलए बिग टेनला गेली म्हणून रीजंट्सनी, म्हणजे सिस्टिमच्या कारभारी मंडळाने, तिला बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावलेत. घरातल्या एका भावाने दुसऱ्याला पोटगी द्यावी तसं. हे सगळं चालू असताना बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळवणं काही सोपं झालं नाही.

फुटबॉल नसलं तर काय होतं तेही बघा. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो बिग टेनच्या संस्थापकांपैकी, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी १९३५ साली तिच्याच जे बरवँगरने घेतली. १९३९ मध्ये तिने फुटबॉल बंद केलं, १९४६ मध्ये बिग टेन सोडली. मधल्या काळात, २ डिसेंबर १९४२ ला, त्याच स्टॅग फील्ड स्टेडियमच्या रिकाम्या स्टँडखाली भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी आणि त्याच्या टीमने जगातली पहिली अणूची साखळी प्रक्रिया करून दाखवली. पुढे बिनमहत्त्वाच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल परत आलंही. हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या स्टँडचा जुना फोटो बघत बसले होते.

पण फुटबॉलने काहीच मिळत नाही असंही मी म्हणणार नाही. टीव्हीवर नाव झळकलं की अर्ज वाढतात, बाहेरच्या राज्यातली जास्त फी भरणारी मुलं येतात. अलाबामात निक सेबन कोच म्हणून २००७ मध्ये आला त्यानंतर असं झालं की आज तिथे निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यातली आहेत. माजी विद्यार्थी शनिवारी मॅचला जमतात, तिथून नोकरीच्या ओळखी निघतात, हे मी स्वतः पाहिलंय. यूएस न्यूज या प्रकाशनाच्या युनिव्हर्सिटी रँकिंगमध्ये २० टक्के मार्क दुसऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या प्रमुखांना काय वाटतं यावर असतात, तिथेही कानावर पडलेलं नाव थोडंफार कामाला येत असणार असं मला वाटतं. आणि तुमची मुलगी स्वतः टेनिस किंवा सॉफ्टबॉल खेळायला स्कॉलरशिपवर जाणार असेल तर मात्र कॉन्फरन्स पहिली बघा, कारण आता एकाच बिग टेनमध्ये सिएटलहून न्यू जर्सीला मॅचला जाऊन यायचं म्हणजे आठवड्याचे वर्ग बुडतात, तिचं वेळापत्रक आधीच मागून घ्या.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम, डिपार्टमेंट. पर्ड्यू २०२४ च्या सीझनला फुटबॉलमध्ये १२ पैकी एकच मॅच जिंकली. तीच पर्ड्यू नील आर्मस्ट्राँगची, आणि आपले गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर १९६३ पासून अखेरपर्यंत तिथेच शिकवत होते. बीजगणितीय भूमिती शिकायला जाणाऱ्याला तिथली स्टेडियमची गर्दी काय सांगणार होती? तसंच ओरेगॉन स्टेटचं, नोबेलवाला रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग तिथला १९२२ चा पदवीधर आणि एनव्हिडिया या चिप कंपनीचा जेन्सन ह्वांग १९८४ चा. आणि पुलमनचं तर ताईला सांगताना मलाच भरून आलं, कारण गदर पार्टीचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे, आपल्या वर्ध्याचे, तिथूनच शेती शिकून १९१३ साली बाहेर पडले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. आज दुकानात कॉस्मिक क्रिस्प नावाचं गडद लाल सफरचंद मिळतं ते पुलमनवाल्यांचंच, १९९७ मध्ये संकर केला आणि २०१९ मध्ये बाजारात आलं. बावीस वर्षं एका सफरचंदामागे बसणारं डिपार्टमेंट आहे ते.

तर भाच्याला मी सांगितलं की डिपार्टमेंटच्या पानावर जा, तुझ्या विषयाचे प्रोफेसर मोज, त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर आणि चालू ग्रँट बघ, मग होणाऱ्या गाइडला ईमेल करून तीन गोष्टी विचार. स्टायपेंड किती वर्षांचा पक्का आहे, तुमच्याकडची मुलं सरासरी किती वर्षांत बाहेर पडतात, आणि शेवटच्या दोघातिघांना नोकरी कुठे लागली. जो प्रोफेसर स्वतःहून जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर देतो त्याच्याकडे निम्मं काम झालं समजा, आणि जो तीन ईमेलना उत्तर देत नाही त्याची युनिव्हर्सिटी कुठल्याही कॉन्फरन्समध्ये असली तरी दुसरीकडे बघा. पीएचडीच्या फंडेड ऑफरला साधारण १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं, बॅचलर्सला बहुतेक ठिकाणी १ मे. हे सगळं करायला एक शनिवार-रविवार पुरतो, फक्त प्रोफेसरच्या उत्तरासाठी मध्ये दोन आठवडे धरा.